जोएलचा उजवा कान

“तुम्ही जरा पलीकडे सरकाल का?”

मी मान वर केली. माझ्या उजव्या हाताला अख्खा सोफा रिकामा होता, आणि काखेत पुठ्ठ्याचं खोकं धरलेला, ओल्या कोटातला हा उंच माणूस नेमका मी बसले होते ती कोपऱ्यातली जागा मागत होता.

“का? तिकडे काटे आहेत?”

“नाही. पण तिकडे बसलो तर तुमचं बोलणं मला ऐकू येणार नाही.”

“मी तुमच्याशी बोलणार आहे हे कुणी सांगितलं?”

“अजून कुणी नाही...” तो हसला. “पण माणसानं आशा सोडू नये म्हणतात.” मग छत्री बसमध्ये विसरल्याचं सांगावं तितक्या सहज म्हणाला, “माझा डावा कान गेलाय. गेल्या वर्षी एका सकाळी उठलो, तर बंद.”

मी मुकाट्यानं सरकले. आता मी त्याच्या उजवीकडे होते.

तेवढ्यात हडर्सफील्ड शहरातल्या त्या म्युझिक सिस्टिमच्या दुकानाचे मालक मिस्टर पिकल्स चहा घेऊन आले, आणि आम्हा दोघांना एकाच सोफ्यावर पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. “दोघांना एकच वेळ दिली की काय मी? विनी, हा जोएल क्रॉशॉ. शाळेत भूगोल शिकवतो. आपला नेटवर्क प्लेअर विकायला आलाय. जोएल, ही विनी होल्रॉइड, आपल्या डेल्फ गावच्या क्लिफर्डची मुलगी. हिला तसाच घ्यायचाय. म्हणजे बघा, माझी काही चूकच झाली नाही!”

माझी गोष्ट साधी होती. बाबांना कंपवात झाला होता. माझे बाबा म्हणजे तरुणपणापासून गावच्या ब्रास बँडमध्ये कॉर्नेट हे पितळी वाद्य वाजवलेला माणूस. कॉर्नेट सुटलं तेव्हा ते तबकड्या ऐकू लागले. पण हिवाळ्यात एका संध्याकाळी तबकडीवर सुई ठेवताना हात थरथरला, सुई तबकडीवरून खरवडत गेली आणि मोडली. बाबांनी झाकण लावलं आणि त्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवला. तेव्हापासून घरात घड्याळाच्या टिकटिकीखेरीज काही ऐकू येत नव्हतं. मग कुणीतरी मला सांगितलं, की असा एक डबा मिळतो. घरच्या वायफायला आणि जुन्या ॲम्प्लिफायरला जोडायचा, घरातल्या सीडींमधलं सगळं संगीत त्यात साठवायचं. ना सुई, ना तबकडी.

“हा बघ,” पिकल्सनी पहिला दाखवला. काळाभोर, पातळ, एकही बटण नाही. “सगळं फोनवरून. नुसतं बोट टेकवायचं!”

मी फोन घेतला आणि मुद्दाम हात थरथरवला, रोज सकाळी चहाच्या कपावर बाबांचा थरथरतो तसा. बोट भलतीकडेच पडलं. आधी पोर्तुगालचं कुठलंसं रेडिओ स्टेशन लागलं, मग हवामानाच्या बातम्या, आणि मग आवाज एवढा चढला की पिकल्सच्या बशीत चहा सांडला.

जोएल खो-खो हसायला लागला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि हसू हळूहळू थांबलं.

“हा हात कुणाचा?”

“बाबांचा.”

त्यानं खोक्यातून स्वतःचा प्लेअर काढून जोडला. सुंदर होता, काचेचा पडदा लख्ख उजळलेला. मग त्यानं आपलाही हात थरथरवला आणि त्या काचेवर बोट टेकवून पाहिलं. एकदा, दोनदा... पुन्हा.

“माझा घेऊ नका,” तो म्हणाला.

“अरे बाबा, तू विकायला आलायस ना?” पिकल्स ओरडले.

“आलोय की. पण हा यांच्या बाबांना नको.” तो गुडघ्यावर बसून खालचा कप्पा धुंडाळू लागला. “तो कुठंय? तुम्ही बटाट्याची पेटी म्हणता तो?”

बटाट्याची पेटी खरंच बटाट्याच्या पेटीसारखी होती. लाकडी बाजू, मुठीएवढं आवाजाचं बटण, आणि पुढे एका रांगेत जाडजूड, उंचवट्याची सहा बटणं. एकेका बटणावर एकेक आवडता कार्यक्रम किंवा संगीत बसवायचं. मी थरथरत्या हातानं पहिलं बटण दाबलं. बोट दोनदा आपटलं, तरी लागायचं तेच लागलं.

नुसती बटणं बघून कसं चालेल? आवाजही ऐकायला हवा होता. आम्ही ऐकत बसलो. बाहेर पाऊस रिपरिपत होता, आणि जोएल मान किंचित कलती करून डोळे मिटून बसला होता. त्याच्या पापण्यांवर पावसाचा एक थेंब अजून अडकलेला मला दिसला, आणि मी उगाच दुसरीकडे बघितलं...

“उबदार आहे,” तो म्हणाला. “झांजा टोचत नाहीत.”

“एका कानानं कळतं?”

“हे कळतं. पण पूर्वी डोळे मिटले की वादक आपापल्या जागी बसलेले दिसायचे. हा डावीकडे, तो मागे. आता सगळे एकाच दोरीवर वाळत घातल्यासारखे. म्हणून तर विकतोय.”

मी बटाट्याची पेटी घेतली. त्याचं खोकं तसंच त्याच्या काखेत परत निघालं. दारात तो थबकला.

“बाबांच्या सीडी त्यात भरून कोण देणार?”

“मीच... कसंतरी.”

“मला येतं. रविवारी मोकळा असतो मी.”

“आणि बदल्यात?”

“चहा. आणि बसायला तुमच्या डावीकडची जागा.”

*

“हा कोण?” रविवारी बाबांनी दारातच विचारलं.

“मी जोएल, मिस्टर होल्रॉइड. तुमच्या सीडी...”

“माझ्या सीडींना काही झालेलं नाही. झालंय ते मला.”

पण चहाबरोबर आल्याचा केक कापला गेला आणि बाबांची जीभ सैल झाली. “भूगोल शिकवतोस? मग तिबेटची राजधानी सांग.”

“ल्हासा.”

“बरोबर असेल. मला कुठं माहितीय?”

सीडी एकेक करून भरत राहायच्या आणि आम्ही दोघं गालिच्यावर बसून गप्पा मारायचो. मी जनावरांच्या दवाखान्यात नर्स आहे, म्हणून तो मला मेंढ्यांबद्दल वाट्टेल ते विचारायचा. तो वर्गातल्या गमती सांगायचा. मागून कुणी बोललं तर कोण बोललं ते त्याला कळायचं नाही, म्हणून मुलांनी आपण होऊन उभं राहून बोलायला सुरुवात केली होती. हे ऐकून मी त्याच्या ताटलीत केकचा आणखी एक तुकडा ठेवला.

सगळं भरून झालं त्या रविवारी बाबांना पेटीपुढे बसवलं. त्यांनी हात पुढे केला. तो थरथरत हवेत घुटमळला. मी पुढे होणार, तोच जोएलनं माझं मनगट धरलं आणि मान हलवली.

बाबांचं बोट बटणावर आदळलं. तीनदा.

आणि खोली पितळी सुरांनी भरून गेली.

बाबांच्या मांडीवरची तीन बोटं हलू लागली. कॉर्नेटच्या तीन खटक्यांवर हलावीत तशी, अगदी तालात. जोएलनं माझं मनगट अजून सोडलं नव्हतं. मीही आठवण करून दिली नाही.

नंतर बाबांनी सहावं बटण लावायला सांगितलं. त्यात आजोबांच्या बँडची जुनी तबकडी होती. पिकल्सनी ती दुकानात वाजवून उतरवून दिली होती.

“हे ऐक, पोरा. हे एकाच माइकवर भरलेलं. डावं नाही, उजवं नाही. ज्याला दोन कान तोही एवढंच ऐकतो, आणि तूही एवढंच. यात तुझं काहीच सुटत नाही.”

जोएल ऐकत राहिला. ते संपल्यावर म्हणाला, “पुन्हा लावू?” आणि त्यानं स्वतःच सहावं बटण पुन्हा दाबलं. जाताना म्हणाला, “माझा प्लेअर मी विकत नाही.”

त्यानंतर सीडी संपल्या, पण रविवार संपले नाहीत. आम्ही कालव्याच्या काठानं फिरायला जायचो. एकदा अचानक गारा पडल्या, आणि पुलाखाली त्यानं माझ्या केसांतल्या गारा एकेक करून वेचल्या. सगळ्या वेचून झाल्यावरही त्याचा हात तिथंच रेंगाळला.

“अजून आहेत?” मी विचारलं.

“नाहीत,” तो म्हणाला. “पण खात्री करून घ्यावी...”

मग मे महिन्यात तो यायचा बंद झाला. पहिल्या रविवारी म्हणाला सर्दी आहे, दुसऱ्या रविवारी वह्या तपासायच्या आहेत. तिसऱ्या आठवड्यात मी सरळ त्याच्या शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले.

“उजव्या कानात शिट्टी वाजत होती,” माझ्याकडे न बघता तो म्हणाला. “डॉक्टर म्हणतात सर्दीमुळे, आता गेलीय. पण विनी... डावा गेला तेव्हाही सुरुवात अशीच झाली होती. उद्या हाही गेला तर? तू बोलशील आणि मी नुसता बघत बसेन.”

“मग बघ. बघायला वाईट आहे का मी?”

“मी गंमत करत नाहीये.”

“मीही नाही.”

“तुझ्या घरात आधीच एक आजारी माणूस आहे. दुसरा कशाला?”

ते मला झोंबलं. “बाबांना आजारी माणूस म्हणणारा तू पहिलाच,” मी म्हणाले आणि मागे वळून न बघता निघाले. बसमध्ये खूप रडले. समोरच्या बाईनं न बोलता माझ्या हातात पेपरमिंट ठेवलं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. “लग्न केलं तेव्हा माझे हात चांगले ठणठणीत होते,” ते म्हणाले. “पण तुझ्या आईनं काय हातांशी लग्न केलं होतं?” मग फोन ओढून घेतला आणि स्वतः नंबर लावला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला. “जोएल? व्हिटच्या शुक्रवारी बँडच्या स्पर्धेला डेल्फला ये. माझी खुर्ची धरायला माणूस लागतो. नाही नाही, तिचं ती बघेल. मी खुर्चीबद्दल बोलतोय!”

*

व्हिट या ख्रिस्ती सणानंतरच्या शुक्रवारी आमच्या भागात गावोगावी ब्रास बँडच्या स्पर्धा असतात. पथकं रस्त्यानं वाजवत येतात आणि मग मैदानात थांबून स्पर्धेची धून वाजवतात. परीक्षक बसतो पडदे ओढलेल्या गाडीत. कोणतं पथक वाजवतंय हे त्याला कळता कामा नये. जूनचं ऊन संध्याकाळीही लख्ख होतं. मैदानाच्या कोपऱ्यावर बाबा खुर्चीत, मांडीवर तळलेल्या बटाट्यांचा पुडा. बाजूला मी, आणि गर्दीतून वाट काढत येणारा जोएल.

त्यानं खुर्चीला हात लावला. खुर्ची मुळीच हलत नव्हती.

नेमकं तेव्हाच एक पथक वळणावर आलं. मोठा ढोल आमच्यापासून हातभर अंतरावर. जोएल माझ्याकडे वळून काहीतरी बोलला. बराच वेळ बोलला. चेहरा पडलेला, हात हलत होते. मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

“काय?” मी ओरडले.

त्यालाही ते ऐकू आलं नाही. दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो, आणि मला हसू फुटलं. इतके दिवस तो ज्याला घाबरत होता ते हेच होतं ना? तो बोलतोय, मी नुसती बघतेय... आणि तरी मला सगळं कळत होतं. त्याचं माफी मागणं कळत होतं, घाबरणं कळत होतं, आणि बाकीचंही.

मी त्याच्या कोटाची बाही ओढली, तोंडाशी हात धरले आणि छातीतली सगळी हवा एकवटून ओरडले.

“जोएल क्रॉशॉ, तुझे दोन्ही कान गेले तरी मला तूच हवायस!”

ढोल थांबला होता. पथक जागेवर पोचलं होतं, बँडमास्तरनं काठी उचलली होती, आणि सगळं मैदान श्वास रोखून शांत होतं. माझं शेवटचं “हवायस” चर्चच्या भिंतीवर आपटून परत आलं.

मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

पडदे ओढलेल्या गाडीतून परीक्षकाचा गंभीर आवाज आला, “हे कोणत्या पथकाकडून?”

“आमच्या!” बाबांनी थरथरता हात उंच केला.

सगळं मैदान हसण्यानं फुटलं. जोएल कानशिलांपर्यंत लालबुंद झाला होता. तो पुटपुटला काहीतरी.

“मोठ्यानं बोल की, पोरा!” मागून एक आजी ओरडली. “तिनं काय कुजबुजून सांगितलं?”

जोएलनं माझा हात धरला. गर्दीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि वर्गातल्या शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “मला मघाशीही हेच म्हणायचं होतं! फक्त तो ढोल...”

बँडमास्तरनं काठी खाली घेतली. “होऊन जाऊ द्या तुमचं,” तो म्हणाला, “मग आम्ही वाजवतो.”

आणि सगळं गाव थांबलेलं असताना, परीक्षकाला बिचाऱ्याला काहीच दिसत नसताना, मी टाचा उंचावल्या.