वार्षिक अंकातला साखरपुडा

"अंकाच्या संपादक तुम्हीच का?"

मी टँकरच्या रांगेत उभी होते. एका हातात बादली, दुसऱ्या हातानं डोक्यावरची ओढणी धरलेली. २०१६ सालचा एप्रिल होता. औरंगाबादेत बीड बायपासकडं रोज एक नवी बिल्डिंग उठत होती, आणि आमच्या नर्सिंग कॉलेजच्या होस्टेलला दोन दिवसांआड माणशी एक बादली पाणी मिळत होतं. अशा वेळी रांगेतून लक्ष हटवणारा माणूस कुणाला आवडेल? मी मान न वळवताच म्हटलं, "व्हय, मीच कालिंदी मोकासे. काय काम होतं?"

"काम काय नाय. माझा साखरपुडा झाला म्हणं. मुलगी कोण आहे तेवढं कळलं असतं, तर…"

आता मात्र मान वळली. उंच, सावळा, पांढरा युनिफॉर्म. चेहरा इतका गंभीर, की थट्टा चाललीय का भांडण, काही कळेना. हातात आमचा वार्षिक अंक, पान सात — 'वर्षभरातल्या बातम्या'.

मी बादली खाली ठेवून बातमी वाचली. साखरपुडा झाला होता ऑफिसातल्या सुदर्शन सोनटक्के क्लार्कचा. मला मिळालेल्या चिठ्ठीवर नुसतं 'सुदर्शन सो.' होतं. मी हुशारीनं त्याचं 'सुदर्शन सोनवणे' करून टाकलं होतं. आणि हा सुदर्शन सोनवणे, तीन वर्षं दवाखान्यात नोकरी करून पुढं शिकायला आलेला, माझ्यासमोर उभा होता.

"चूक झाली, ब्रदर," मी म्हटलं. आमच्याकडं मुलांना ब्रदरच म्हणतात. "पण आपला अंक वाचतंय कोण?"

"सोयगावात वाचला. मित्रानं फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. सकाळपासून वडिलांचे सहा फोन आलेत." रांग सरकली तशी त्यानं माझी बादली उचलून पुढं ठेवली. "आता तुम्हीच बोला त्यांच्याशी."

त्याचे वडील साहेबराव यांचा आवाज असा, की मी फोन हातभर लांब धरला.

"काका, साखरपुडा झालेला नाय. चूक झालीय."

"छापलेलं हाय की."

"मीच छापलंय ते."

"मंग तू कोण?"

"मी संपादक."

"संपादक… हे आडनाव नाय ऐकलं कधी. कोणत्या तालुक्यातले तुम्ही?"

सुदर्शन टँकरकडं तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते.

शेवटी ठरलं, की वार्षिक समारंभात मीच माईकवरून खुलासा वाचायचा. मध्ये आठ दिवस होते. खुलासा दोन ओळींचा. रोज चार वाजता कँटीनमध्ये आम्ही तो लिहायला बसायचो आणि रोज तो अर्धा राहायचा.

"'साखरपुडा झालेला नाही' असं लिहिलं तर वाटतं, पोरीनं नकार दिला," तो म्हणायचा.

"मग 'अद्याप झालेला नाही' लिहू?"

"म्हणजे लवकरच होईल."

"कधीच होणार नाय का?"

"ते मी एकटा कसं सांगू? साखरपुडा एकट्यानं होतो का?"

मी चहात बघत राहायचे. चहात बघण्यासारखं काही नसायचं.

पाचव्या दिवशी मी वॉर्डात रजिस्टर द्यायला गेले. कोपऱ्यातल्या कॉटवर दगडाबाई होती — खुब्याचं हाड मोडून महिनाभर पडून असलेली म्हातारी. केसांना कुणाला हात लावू द्यायची नाही. आणि सुदर्शन स्वतःच्या वाट्याची बादली आणून, एकेक मग जपून ओतत, तिचे केस धूत होता.

"पोरा, तुझ्या आंघोळीचं काय?" ती विचारत होती.

"माझी बुधवारीच झाली, आजी. मान मागं घ्या."

मी दारातच उभी राहिले. रजिस्टर द्यायचं राहून गेलं. त्या दिवसापासून मी त्याला ब्रदर म्हणणं सोडलं… जीभच वळेना.

सातव्या दिवशी चहा यायच्या आधीच तो म्हणाला, "नागपूरला नोकरी लागली. एक तारखेला हजर व्हायचंय."

"अभिनंदन," मी म्हटलं. खुलासा त्या दिवशी दोन मिनिटांत लिहून झाला.

उन्हामुळं समारंभ सकाळीच ठेवला होता. दुष्काळ बघून प्रिन्सिपल मॅडमनी पाहुण्यांना गुच्छाऐवजी टॉवेल दिले. निकाल वाचून झाले, बक्षिसं झाली, आणि मी माईकजवळ गेले तेव्हा मांडवाच्या दाराशी एक जीप थांबली. तिच्यातून नवे कपडे घातलेली बारा माणसं उतरली. पुढं साहेबराव. पोरगं लपवतंय, पण छापलेलं खोटं नसतं, अशी खात्री धरून सगळं घर सूनबाई बघायला आलं होतं.

मी वाचलं. "सदर बातमी चुकीची असून सुदर्शन सोनवणे यांचा साखरपुडा कुणाशीही झालेला नाही." 'कुणाशीही' मी कागदावरून नजर न काढता वाचलं. समोर येऊन बसलेल्यांत त्याची आई होती. तिनं मांडीवरची साडीची पिशवी हळूच खुर्चीखाली सरकवली.

साहेबराव उभे राहिले. "हे माईकवर कशाला सांगायचं ओ? बाजूला घेऊन सांगायचं."

सगळा मांडव हसला. मी नाही हसले.

खाली उतरून मी माझ्या कामाला लागले. पाहुण्यांचं बीपी तपासायच्या टेबलावर माझी ड्यूटी होती. थोड्या वेळानं त्याची आईच समोर येऊन बसली. "लई गरगरतंय, बाई."

बीपी जरा वाढलेलं होतं. मी तिला पाणी दिलं. "माझ्यामुळं झालं हे. माफ करा."

"चूक तर चूक," ती म्हणाली. "आठ दिवस लई बरं वाटलं मला."

तेवढ्यात सुदर्शन स्टूल ओढून बसला आणि बाही वर केली. "माझंपण बघा."

मी त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला, नळ्या कानात घातल्या, हवा भरली, सोडली. काही कळेना. पुन्हा भरली… पुन्हा नाही. तिसऱ्यांदा भरली तेव्हा त्याची आई म्हणाली, "पोरी, तुला येतं का नाय हे?"

"येतं तिला, आई. वर्गात पहिली आहे."

"मंग?"

मी नळ्या कानातून काढल्या. "मला यांचे ठोके ऐकू येईनात," मी म्हटलं. "माझेच ऐकू येतायत." आता थांबले तर कधीच बोलणार नाही, हे मला माहीत होतं. "नागपूरला जाऊ नका असं मी म्हणणार नाय. पण… एकटे जाऊ नका."

सुदर्शनचे कान लाल झाले. "हे मी म्हणणार होतो. रोज म्हणणार होतो. म्हणून तर तो खुलासा पुरा होऊ देत नव्हतो."

त्याची आई आळीपाळीनं दोघांकडं बघत राहिली — बाजारात वांगी निवडताना बघतात तशी, सावकाश.

"गाव कंचं तुझं?"

"पिशोर. शेती आहे. आई-अण्णा तिथंच असतात."

ती उठली. गरगरणं कुठल्या कुठं पळालं होतं. मांडवाच्या त्या टोकाला बघून तिनं हाक मारली, "अहो, सोयगावला पिशोरवरनं जाता येतं का?"

"लई वळसा पडतो," साहेबराव तिकडून म्हणाले.

"पडू द्या."

मी घाईघाईनं घरी फोन लावला. "अण्णा, दुपारून पाहुणे येतायत. बारा जण."

"बारा?" पिशोरला टँकर तिसऱ्या दिवशी यायचा, त्यामुळं त्यांना आधी आकडाच ऐकू आला. "काय काम काढलंय त्यांनी?"

मी सुदर्शनकडं बघितलं. पट्टा अजून त्याच्या दंडालाच होता, आणि तो सोडवायची त्याला काही घाई दिसत नव्हती.

"आपलं घर बघायला येतायत," मी म्हटलं. "त्यांचा मुलगा मी बघितलाय, अण्णा. चांगला आहे."

अण्णांनी फोन न ठेवताच आईला हाक मारली, "अगं, शेजारून दोन हंडे घेऊन ये. बारा माणसांचा चहा टाकायचाय."