बांगड्याचा घास

अडतीस वर्षांत प्रथमच त्या स्वयंपाकघरात बांगडा तळला जात होता... आणि तळणारे हात जयप्रकाशरावांचे होते! सगुणाबाई खुर्चीत बसून नवऱ्याकडे पाहत होत्या. आमवाताने सुजलेली, वाकडी झालेली त्यांची बोटं मांडीवर निपचित पडली होती. त्या बोटांना आता चहाचा कपसुद्धा पेलवत नव्हता.

सारसोळ्याच्या कोळ्यांची ही लेक नेरुळच्या शाकाहारी घरात सून म्हणून आली, ती सासूबाईंची एकच अट पदरात घेऊन... मासळीला शिवायचं नाही! माहेर पायी दहा मिनिटांवर, पण तिथेही तिने कधी मासळीचा घास तोंडात घातला नाही. नवरा खात नाही ते आपणही खायचं नाही, या एका भोळ्या निष्ठेवर तिने उभा जन्म काढला.

आणि काल डॉक्टरांनी सहज विचारलं, "काकू, मासे खाता का? बांगडा, तारली? त्यांतली ओमेगा-थ्री फॅटी अ‍ॅसिड्स सांध्यांची सूज जरा कमी करतात. गोळ्या चालूच ठेवायच्या, पण तेवढीच मदत."

"नाही हो, आमच्या घरात चालत नाही."

"आणि काका, तुम्ही?"

जयप्रकाशराव चाचरले. "मी... न्हावा शेवा बंदरात नोकरीला होतो ना... तिथे मित्रांबरोबर... तीस वर्षं खाल्ले."

सगुणाबाईंच्या काळजात चर्र झालं! वास लपवायला हा गृहस्थ बडीशेप चघळत घरी यायचा, आणि ही बिचारी तीच बडीशेप दर महिन्याला कौतुकाने भाजून ठेवायची!

"बोटं सरळ होतील का हो?" एवढंच त्यांनी विचारलं.

"वाकलेली नाही होणार, काकू. फार उशीर झालाय."

आता जयप्रकाशरावांनी काटे काढून घास सगुणाबाईंच्या ओठांशी नेला. "सगुणा, मला माफ कर गं... आधी आईला घाबरलो, मग तुला सांगायची लाज वाटत गेली. खा... थोडी तरी सूज उतरेल."

त्यांनी घास घेतला. पण हाय रे दैवा! जिभेला ओळखच पटेना. नुसता उग्र वास आला, घास त्यांनी कसाबसा गिळला.

"अहो, तुमच्यावर राग नाही माझा," हुंदका आवरत त्या म्हणाल्या. "पण माझी आई... दर खेपेला कालवण वाढून वाट बघत बसायची. 'येक घास खा गो बाय, कोनाला कळनार हाय?' म्हणायची. मी ताट सारायची. मी म्हणायची, आई, माझा नवरा खात नाही, मग मी कशी खाऊ?... गेली ती तशीच. तिला आता कोण सांगणार हो?"

जयप्रकाशराव लहान मुलासारखे रडू लागले. दुसरा घास धरलेला त्यांचा हात तसाच अधांतरी राहिला.

सगुणाबाईंनी ते पाहिलं. पोटातली मळमळ दाबून त्यांनी पुन्हा तोंड उघडलं.

"भरवा," त्या म्हणाल्या, "छान झालाय."