तेरा इंची पंखा

दार भाऊजींनीच उघडलं आणि उघडलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्यांना लगेच वाटलं.

दारात कप्तान उभी होती. नानांची मुलगी. खाडीच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेणारी बोट ती चालवायची, म्हणून लोक तिला लाडाने कप्तान म्हणत. अपघात झाल्यापासून तेच नाव लोक तोंड वाकडं करून घ्यायला लागले होते. सुरुवात भाऊजींनीच केली होती. बोटीत पाणी शिरलं तेव्हा ते सगळ्यांदेखत ओरडले होते, "चालवता येत नाही तर कप्तान म्हणून मिरवता कशाला?"

"वहिनी आहेत?" तिने विचारलं. तिने नजर वर केली नाही. भाऊजींनीही नाही.

वहिनींची उमेदीची वर्षं विमा कंपनीत बोटींचे अपघात तपासण्यात गेली होती. आता लोक खासगीत कामं घेऊन यायचे. बँकेतून निवृत्त झालेला धाकटा दीर सोबत असायचा. पिशवी धरायला आणि चुकीचे अंदाज बांधायला, असं वहिनी म्हणत.

"माझ्यावर आळ आलाय, तो खोटा ठरवा म्हणून मी आले नाही," कप्तान म्हणाली. "खराच असेल तो. पण माझं नेमकं कुठे चुकलं तेवढं कळायला हवं. त्याशिवाय मी पुन्हा बोटीत माणसं बसवू शकत नाही."

"पहिल्यापासून सांग," वहिनी म्हणाल्या.

"जुनं इंजिन थकलं होतं. नाना म्हणाले, नव्वद हॉर्सपॉवरचं घेऊ. पण बोटीवरच्या पट्टीवर सत्तरची मर्यादा लिहिली आहे. इंजिन टांगतात ती मागची फळी त्याहून जास्त सोसत नाही. मी साठचं घेतलं. बोट ढकलणारा पंखा तेरा इंची पिचचा."

"पिच म्हणजे?" भाऊजींच्या तोंडून निघून गेलं.

"लाकडात स्क्रू पिळला की एका फेऱ्यात थोडा आत जातो ना, तसं. हा पंखा एका फेऱ्यात पाण्यात तेरा इंच पुढे सरकायला बघतो. पिच कमी असला की पंखा ओझं उचलतो, पण वेग कमी मिळतो. जास्त असला की रिकामी बोट पळते, पण भरलेली ओढताना इंजिनाचा जीव जातो."

"म्हणजे चढावर वरचा गिअर टाकल्यासारखं."

"अगदी तसंच. मी बाकांवर वाळूची पोती ठेवून बघितलं होतं. पूर्ण वेग दिला की काटा मिनिटाला साडेपाच हजार फेऱ्यांवर जायचा. जायला हवा तिथेच. त्या दिवशी वजन तेवढंच होतं, पण काटा त्रेचाळीसशेच्या वर सरकेना. खाडीच्या तोंडाशी मागून येणाऱ्या लाटेच्या पुढे राहावं लागतं. मला राहता आलं नाही."

लाट मागून आत आली होती. बाजारातल्या शिंपीणबाई बाकावरून फेकल्या गेल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. कात्री धरायचा हात तो.

"निघण्याआधी काही वेगळं घडलं?"

"नाही. नाना रोज सकाळी पेट्रोल भरून बोट धक्क्याला आणतात. पाठीमुळे डॉक्टरांनी त्यांना फेऱ्या बंद करायला लावल्यात, तेवढंच काम त्यांच्याकडे उरलंय. त्या दिवशी त्यांना जरा उशीर झाला. माणसं ताटकळली होती, मी घाईने निघाले."

"आणि नंतर?"

"मी शिंपीणबाईंसोबत दवाखान्यात गेले. संध्याकाळी घरी येऊन नानांची माफी मागितली. त्यांचं नाव घालवलं मी. ते म्हणाले, जाऊ दे पोरी, चुका होतात माणसाच्या हातून." तिने ओठ घट्ट मिटले. "त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

वहिनी दिराकडे वळल्या. "भाऊजी, तुम्ही बोटीत होतात. इंजिन किंचाळत होतं की कण्हत होतं?"

भाऊजींनी आठवून पाहिलं. त्या दिवशी ओरडण्याच्या नादात त्यांनी ऐकलं होतं तरी काय? "कण्हत होतं. चिखलात रुतलेल्या गाडीसारखं."

"आणि काठाला लागताना?"

"खाली गोट्यांवर जोरात खरखर झाली. मी पुढच्या बाकावर आपटलो."

"धक्का चुकून मी उथळात शिरले होते," कप्तान हळूच म्हणाली. "पंखा घासला."

बोटीच्या शेडचं कुलूप नानांनीच उघडलं. अपघातानंतर बोट आतच होती. किल्ल्या दोनच, एक नानांकडे, एक मुलीकडे. भिंतीवर दोर आणि जुने पाने टांगलेले, कोपऱ्यात ताडपत्रीखाली कसलासा ढीग.

वहिनींनी पंख्याच्या पात्यांवरून बोट फिरवलं. कडेकडेने, सावकाश. बोट कुठेही अडखळलं नाही. काळा रंग नव्यासारखा होता. पात्यांमधल्या बुंध्यावर कोरलेला तेराचा आकडा त्यांनी भाऊजींना दाखवला.

"म्हणजे पंखा बरोबर होता," भाऊजी म्हणाले. "इंजिनच कमी पडलं."

"मी तेच म्हणत होतो, नव्वदच हवं होतं," नाना म्हणाले. एकेकाळी बोटींच्या शर्यती मारणारा माणूस, आता फळीला टेकून उभा होता. "पण पोरीला बोलू नका. व्हायचं ते झालं. कशाला उकरायचं?"

भाऊजींना वाटलं, बाप असावा तर असा.

तिथून ते इंजिनवाल्या मिस्त्रीच्या दुकानात गेले. मिस्त्री हात पुसत म्हणाला, "साठचं इंजिन योग्य, तेराचा पंखाही योग्य. मी तोच दिला असता."

"पंखा बदलायला किती कटकट असते?" वहिनींनी विचारलं.

"कसली कटकट! पिन काढा, पाना लावा, चहा गार व्हायच्या आत काम होतं. नानांना मीच शिकवलं होतं, त्यांची ती हलकी शर्यतीची बोट होती तेव्हा. तिलाही याच कंपनीचं इंजिन होतं."

भाऊजींचा संशय मात्र गॉगलवर होता. हा दुसऱ्या बोटीचा मालक. घरातसुद्धा काळा चष्मा काढायचा नाही, म्हणून ते नाव.

"हसलो मी, कबूल आहे," गॉगल म्हणाला. "नानांच्या तोंडावर म्हणालो, इंजिन आणलंत की शिलाई मशीन? पण माझी चांगली जिरली. अपघाताच्याच दिवशी सकाळी मी रिकामी बोट घेऊन येत होतो. ताशी तीस मैल तर नक्की. ही बोट मला सहज मागे टाकून गेली."

"कोण चालवत होतं?"

"ऊन डोळ्यांवर होतं, दिसलं नाही. एकच माणूस होतं. कप्तानच असणार."

बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले, "खोटं बोलतोय. यानेच काहीतरी केलंय."

"तो खरं बोलतोय, भाऊजी. तेच तर वाईट आहे," वहिनी म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला होता.

दुपारी वहिनींनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. कप्तान, नाना, मिस्त्री, गॉगल.

"हा पंखा त्या दिवशी बोटीला नव्हता," त्या म्हणाल्या. "गोट्यांवर घासलेल्या पंख्याची कड दातरी होते. याच्यावर ओरखडासुद्धा नाही."

मिस्त्रीने वाकून पाहिलं आणि मान हलवली.

"मग कोणता होता? इंजिन कण्हत होतं. काटा बाराशे फेऱ्यांनी खाली होता. पिच एक इंच वाढला की साधारण दोनशे फेऱ्या कमी होतात. बरोबर, मिस्त्री?"

"बरोबर. म्हणजे सहा इंच जास्त. एकोणीसचा."

"एकोणीसचा पंखा भरलेल्या बोटीला कुणी लावत नाही. तो लावणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रिकामी बोट होती. एक माणूस आणि वेग."

"याने मुद्दाम लावला असेल, बोट बुडावी म्हणून!" भाऊजींनी गॉगलकडे बोट दाखवलं.

"घातपात करणारा पंखा परत बदलायला येत नाही. आणि कुलूप लागल्यावर येऊ शकतही नाही. गॉगलने तर आपल्याला मदतच केली. तेराच्या पंख्यावर ही बोट रिकामी असली तरी तीस मैलांनी पळूच शकत नाही. म्हणजे त्या सकाळी, पहिल्या फेरीच्या आधी, एकोणीसचा पंखा तिला लागलेला होता. त्या वेळी कप्तान धक्क्यावर ताटकळलेल्या माणसांत उभी होती. बोट यायची होती."

बोट कोण आणायचं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनींनी नाव घेतलं नाही. कोपऱ्यातली ताडपत्रीही उचलली नाही. त्या नुसत्या थांबल्या.

नाना स्वतःच गेले. वाकताना त्यांना कळ आली, तरी कुणी पुढे झालं नाही. त्यांनी ताडपत्रीखालून शर्यतीच्या बोटीचा जुना पंखा काढून बोटीत ठेवला. पात्यांच्या कडा चावल्यासारख्या तुटल्या होत्या.

"एकदाच," ते म्हणाले. "या गॉगलचं तोंड बंद करायचं होतं. परत येऊन बदलणार होतो. उशीर झाला. वाटलं, एक फेरी काय होतंय..." त्यांनी मुलीकडे बघायचा प्रयत्न केला. "तू दवाखान्यात होतीस तेव्हा बदलला. तू आलीस की सांगणार होतो. पण तू आलीस ती रडतच. तूच माफी मागायला लागलीस."

"आणि तुम्ही ती दिलीत," कप्तान म्हणाली.

तेवढंच. नाना खाली बसले आणि त्यांनी तोंड हातांत झाकलं. गॉगलने चष्मा काढला. आता कुठे बघावं हे त्यालाही कळेना. भाऊजींना शेडबाहेर पळून जावंसं वाटलं. या माणसाची आपल्याला लाज वाटते आहे की स्वतःची, हे त्यांना सांगता आलं नसतं. नाना निदान तिला भर बोटीत ओरडून घालून पाडून बोलले नव्हते.

"कप्तान," ते म्हणाले. "मी त्या दिवशी जे बोललो..."

"ते सगळ्यांनी ऐकलं होतं, काका."

"हो. मग सगळ्यांसमोरच परत बोलेन."

तिने मान डोलावली. दिलासा मात्र दिला नाही.

शिंपीणबाईंच्या दुकानापर्यंत नाना चालत गेले. मुलगी चार पावलं मागे, तिच्यामागे वहिनी आणि भाऊजी. दुकानात गिऱ्हाइकं होती. बाई हात गळ्यात अडकवून बसल्या होत्या आणि सुनेला कापड कसं धरायचं ते तोंडाने सांगत होत्या. कप्तानला बघताच त्यांनी मान फिरवली.

"हिच्याकडे नका बघू," नाना म्हणाले. "माझ्याकडे बघा."

सून उठली आणि गिऱ्हाइकांना बाहेर काढायला लागली. "राहू दे त्यांना," नाना म्हणाले.

त्यांनी सगळं सांगितलं. मध्ये दोनदा आवाज गेला, दोनदा थांबून पुन्हा सुरू केला. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्या नानांशी एक शब्दही न बोलता डाव्या हाताने खुर्ची ओढू लागल्या. ती कप्तानसाठी होती.

कप्तान बसली आणि मग तिला रडू फुटलं. नाना दारातच उभे राहिले. त्यांना आत या असंही कुणी म्हटलं नाही आणि जा असंही नाही.