हसऱ्या चेहऱ्याचं बटण

"शनिवारी संध्याकाळी रुचिरा घरातून निघाली ती फक्त एक बटण दाबायला."

शरच्चंद्रकाकांनी गोष्ट अशी सुरू केली तेव्हा गच्चीवरचा सम्यक हसला. मुलुंडच्या त्या सोसायटीत जेवणं उरकली की पोरं वर यायची. काका अंधेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर होते, नुकतेच निवृत्त झालेले. आज निधी तिच्या ऑफिसच्या ॲपवर वैतागली होती. रोज संध्याकाळी ते विचारतं, आज कसं वाटतंय, आणि पुढे चेहरे दाखवतं.

"काका, भुताची सांगा म्हटलं होतं. ऑफिसची नको यार," सम्यक म्हणाला.

"ऑफिसचीच आहे. आणि ऐकीव नाही. तिला मी ओळखतो. त्या रात्री खाली गेटवर मीच होतो." काकांनी मोबाईल उलटा ठेवला. "मागच्या वर्षीचा वीस सप्टेंबर. सर्वपित्रीची आदली रात्र. आता लगेच तोंड वाकडं करू नकोस. जो माणूस गेला होता त्याच्या घरी पितृपक्ष पाळत नाहीत. त्यामुळे तिथीचा काही संबंध नाही. नुसती तारीख सांगितली."

मग ते सांगत गेले.

रुचिरा राहायची घाटकोपरला. दहा महिन्यांची मुलगी, तिला सर्दी झालेली. सासूबाईंकडे पोर देताना तिने इतक्या सूचना दिल्या की सासूबाई म्हणाल्या, "अगं, दोन पोरं वाढवलीत मी. एक तर तू नवरा म्हणून वापरतेस." रुचिरा हसली, पण मेट्रोत बसल्यावर तिला वाटलं, आपण आईपण नीट करत नाही आणि नोकरीपण. निदान नोकरी तरी टिकावी.

ती एचआरमध्ये होती. कंपनी जुनी, माणसं जुनी, सगळं बरं चाललं होतं. मग ती विकली गेली आणि वर देवेश नावाचा नवा साहेब आला. पहिल्याच सभेत म्हणाला, आपण एक कुटुंब आहोत. त्याच आठवड्यात खिडकीकडची अख्खी रांग रिकामी झाली. रुचिरा जिथे दार लावून बाळासाठी दूध काढायची, त्या खोलीत फुगे, टोप्या आणि 'हॅपी टीम' लिहिलेल्या टी-शर्टांचे खोके भरले. तेव्हापासून ती बायकांच्या संडासात उभी राहून दूध काढायची. कोणाला सांगितलं नाही. सांगणार कोणाला, तक्रारी ऐकायचं काम तिचंच होतं.

आणि दारापाशी ते यंत्र आलं. कंबरेइतका खांब. त्यावर दोन चेहरे, हिरवा हसरा आणि लाल रुसलेला. घरी जाताना एक दाबायचा. वर आकडा दिसायचा, शंभरातले किती लोक खूश. शेजारी सूचना लावलेली, 'तुमचं नाव कोणालाही कळणार नाही.' ती रुचिरानेच लिहिली होती, आणि मनापासून लिहिली होती.

आकडा काही वर चढेना. देवेशने आईस्क्रीम वाटलं. नाचायला लावलं. एका शुक्रवारी सगळ्यांना टोप्या घालून फोटो काढले. आकडा तिथेच. मग त्याने रुचिराला बोलावलं.

"लाल कोण दाबतंय?"

"सर, ते कळत नाही. म्हणजे, कळू नये असंच..."

"बाहेर जाताना गेटवर अंगठा लावतात ना? वेळ जुळव."

"जुळवली?" निधीने विचारलं.

"जुळवली. एका दुपारीत." काका म्हणाले. "मला वाटलं होतं, ही तरी नाही म्हणेल."

लाल दाबणारे बरेच निघाले. देवेशला एकच हवा होता. रुचिराने रोज न चुकता लाल दाबणाऱ्याचं नाव दिलं. अंबादास. कंपनीतला सर्वांत जुना टेस्टर. प्रोग्रॅम चालतोय की नाही ते तपासायचं, चालत नसेल तर समोर लाल खूण करायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. काचेच्या केबिनमध्ये ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, जे चालत नाही त्याला मी लाल करतो. पगार त्याचाच घेतो."

त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला. वर निरोप समारंभ. केक. आणि देवेशची कल्पना अशी, की जाताना अंबादासांनी सगळ्यांसमोर हिरवं बटण दाबायचं. फोटो हवा. फोटो काढायला रुचिरा. केकचं क्रीम लागलेला अंगठा त्यांनी बटणावर ठेवला आणि खाली मान घातली. फोटो चांगला येईना.

रुचिरा म्हणाली, "पुन्हा एकदा, सर. हसा ना."

पुन्हा. मग पुन्हा. शेवटी ते हसले.

पंधरवडाही गेला नाही, झोपेतच गेले. विक्रोळीला त्यांच्या अंत्ययात्रेला मीपण गेलो होतो. कंपनीने सगळ्यांना मेल पाठवला. 'आमचा आनंदी सहकारी.' वर तोच फोटो.

"शी," निधी म्हणाली.

"थांब. पुढे ऐक."

त्यानंतर रात्री लाल पडायला लागलं. ऑफिस बंद, दिवे बंद, मजल्यावर चिटपाखरू नाही. सकाळी पाहावं तर आकडा घसरलेला. यंत्रवाला येऊन गेला, म्हणाला यंत्र ठीक आहे. सोमवारी नवे मालक येणार होते. देवेशने रुचिराला सांगितलं, शनिवारी जा, कोणी नसेल, आकडा नव्वदच्या वर जाईपर्यंत हिरवं दाबत बस. नाही गेला तर सोमवारी तुझ्या टीमचं काय करायचं ते बघू. सुरुवात कोणापासून, हे त्याने सांगितलं नाही. तिला कळलं.

साडेआठला ती गेटवर आली. मी म्हटलं, "ताई, आज सुट्टी ना?"

"पाच मिनिटांचं काम आहे, काका."

वर एसी बंद होता. हवा कोंदलेली. तिने दाराजवळचा एक दिवा लावला आणि दाबायला सुरुवात केली. टिंग. टिंग. आकडा हळूहळू वर सरकू लागला. तिला स्वतःचं हसू आलं. एमबीए केलं, ते हे करायला.

मग वास आला. आंबलेल्या दुधाचा. आधी वाटलं, आपलेच कपडे. पोरगी अंगावर पिणारी, त्यात नवल नाही. तिने ओढणी हुंगली. वास ओढणीचा नव्हता.

टिंग. टिंग.

अंगठा चिकट लागला. बघते तर पांढरं काहीतरी. क्रीम. तिने रुमालाने बटण पुसलं. दाबलं. बटणाच्या कडेने पुन्हा पांढरं वर आलं. दाबलं की येत होतं. फोड दाबल्यावर यावं तसं. पिवळट. नासलेलं.

तिला ओकारी आली. पण आकडा सत्त्याऐंशी होता. थोडंच राहिलं होतं. नोकरी राहिली असती. तिने तोंडावर ओढणी धरली आणि दाबत राहिली.

अठ्ठ्याऐंशी.

बटण कोमट झालं होतं.

एकोणनव्वद.

मऊ झालं होतं. प्लास्टिक नव्हतं ते. बाळाच्या तोंडात बोट घातल्यावर हिरडी लागते ना... तसं.

आणि मग ते खालून दाबलं गेलं.

तिने दाबलं नव्हतं. खालून. तिच्या अंगठ्याला कोणीतरी... अंगठा लावला होता.

तिने हात ओढला. सुटेना.

आकडा उतरायला लागला. ऐंशी. साठ. टिंग नाही, काही नाही. सगळं गप्प. फक्त तो वास. चाळीस.

तिच्या मागे, अगदी कानाजवळ, कोणीतरी हळू म्हणालं...

"पुन्हा एकदा, मॅडम."

...

"हसा ना."

काका थांबले. पाण्याच्या टाकीत नळ ठिबकत होता.

ती हसली. तिनेच मला सांगितलं. घाबरून किंचाळली नाही, हसली. त्याची तिला सगळ्यात किळस येते. हसत हसत तिने डावा हात उचलला... आणि लाल बटण दाबलं.

हात सुटला.

जिना उतरून ती माझ्याकडे आली तेव्हा उजवी मूठ गच्च मिटलेली. मी पाणी दिलं. तिने डाव्या हाताने घेतलं. रिक्षात बसवून दिली.

"आणि सोमवारी?" निधीचा आवाज बारीक झाला होता.

"सोमवारी मालक आले. देवेशने त्यांना आकडा दाखवला, ब्याण्णव. यंत्रावरचा नव्हे. स्वतः टाईप केलेला." काका गच्चीच्या कडेला जाऊन थुंकले. "एवढंच करायचं होतं, तर शनिवारी तिला कशाला पाठवलं रे? आणि अंबादासला तरी कशाला हात लावला?"

ते परत येऊन बसले.

"महिन्याभरात रुचिराची अख्खी टीम काढली. तिलाही. केक आणला होता. ती त्या खोलीतच गेली नाही. खाली माझ्याकडे कार्ड द्यायला आली. त्या शनिवारनंतर गेटचं यंत्र तिचा अंगठा घेतच नव्हतं, रोज मीच आत सोडायचो. मला वाटायचं, यंत्र बिघडलंय. म्हटलं, ताई, जाता जाता बघू तरी."

"मग?"

"तिने मूठ उघडली. अंगठ्यावर एक रेघ नव्हती. ठसाच नाही. सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा गुळगुळीत. डॉक्टर झाले, आधारवाले झाले, कोणाला काही कळत नाही. म्हणाली, काका, तुम्ही हात लावून बघा, मला वेड तर लागलं नाही ना."

काकांनी उजवा हात मांडीवर पुसला.

"लावला मी. तिचा हात बर्फासारखा गार होता. अंगठा तेवढा कोमट... आणि ओला. मी हात काढून घेणार, तेवढ्यात त्या अंगठ्याने आतून माझं बोट दाबलं. ती रस्त्याकडे बघत होती. तिला कळलंही नाही."