तिला हसवू नका

ती एक्स-रेची खोली शोधत होती आणि चुकून प्रयोगशाळेच्या दारात आली. काचेपलीकडे एक चष्मेवाला तबकडीतल्या गुलाबी पाण्याकडे असा पाहत उभा होता, जणू तिथं कोणी झोपलंय…

"काय वाढवताय?"

तो दचकला. "कातडी. एका पेशंटच्या भाजलेल्या हातासाठी. तिचीच आहे, म्हणून शरीर परकी म्हणून झिडकारणार नाही."

"काचेचे पक्षी घडवणारी? मांडीवरनं टपाल तिकिटाएवढा तुकडा काढला, तीच?"

"हो, पण तुम्हाला कसं—" तेवढ्यात त्याला तिच्या गळ्यातली झोळी दिसली, झोळीतला पट्ट्यांनी गुंडाळलेला हात दिसला.

तिला मौज वाटली. आपल्याआधी आपल्या पेशींशी याची ओळख! "रोज पाणी घालता?"

"खाणं घालतो. सुट्टीच्या दिवशीसुद्धा."

"म्हणजे माळीबुवाच की. कशी आहे हो मी स्वभावानं?"

त्यानं खरंच विचार केला. "हट्टी. आधी जागची हलत नव्हती. मग एकदम पसरलीस… पसरलात." आणि तो कानापर्यंत लाल झाला.

कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असा तो पडदा पुढं तिच्या हातावर बसवला गेला. डॉक्टरांनी बजावलं, "पट्टी सुटेपर्यंत हात हलता कामा नये. सरकला तर बोटं आखडतील." आखडलेल्या बोटांनी ज्योतीवर पक्ष्याची मान कशी वळवायची?

"हिचे हात बांधले की ही मुकीच होणार," आत्या म्हणाली. "हातवारे केल्याशिवाय साधी वेळ सांगत नाही, आणि हसली की अख्खी हलते."

सिस्टरनं उपाय काढला. "संध्याकाळी प्रयोगशाळेतल्या माळीबुवांना बसवा, तेच बोलतील. त्यांच्या बोलण्याला आजवर कुणी हसलेलं नाही."

तो येऊन बसे. पेशींच्या पेटीत ऊब कशी राखतात ते सांगे. खिडकीतलं पिवळं ऊन पलंगावरून हळूहळू उतरे, त्याचा आवाज जवळ येई, लांब जाई… शब्द तिला कळत नसत, पण तो थांबला की मात्र लगेच कळे.

एकदा तिनं विचारलं, "माझ्या पेशींशी बोलायचात का? खरं सांगा."

"एकदाच… गुड मॉर्निंग म्हणालो. मग वाटलं, ओळखपाळख नसताना फार झालं."

ती खळखळून हसली. खांदा हलला, कोपराला हिसका बसला. तो पांढराफटक पडला, उठला, आणि नंतर फिरकलाच नाही.

पट्टी सोडायच्या सकाळी आत्याच त्याला ओढून घेऊन आली. "चला! कातडी तुमची, पोर आमची, दोघी खोळंबल्यात."

डॉक्टरांनी पट्टीखालची जाळी उचलली. खाली गुलाबी, चकचकीत, नवी कातडी. "धरलीय! बोटं हलवा."

बोटं हलली. सगळी! आत्यानं डोळे पुसले. डॉक्टर पुढच्या पलंगाकडे वळले. तो मात्र तिच्या मनगटापाशी उघड्या राहिलेल्या नखाएवढ्या जागेकडेच बघत होता.

"हे माझ्यामुळं."

"तुमच्यामुळंच," ती म्हणाली. "भरेल ना?"

"भरेल. दोन्ही काठांच्या पेशी एकमेकींकडे सरकतात. हळूहळू. भेटल्या की थांबतात."

"आणि तुम्ही? तुमचं काम तर संपलं."

"संपलं…" त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आज तबकड्या धुऊन ठेवल्या. खाणं घालायला कुणी नव्हतं. मला करमेना. तुम्ही… तुम्ही आवडता मला. पेशी नव्हे. म्हणजे, पेशीही…"

आत्याला अचानक खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसलं.

तिनं नवा हात उशीवरून किंचित पुढं सरकवला. तो दोन पावलं जवळ आला, आणि थबकला.

"नको. त्याला अजून हात लावायचा नसतो."

"मग डावा धरा की," ती म्हणाली. "तो कुठं भाजलाय?"

त्यानं आधी हात धुतले, साबणानं, नीट, दोनदा. मग धरला.