पंचांमध्ये एव्हरेट नव्हता

वीज चमकली आणि मॅच थांबली. नियमच तसा — वीज दिसली की अर्धा तास मैदान बंद, मध्येच पुन्हा चमकली की तो अर्धा तास नव्याने सुरू. मुली बसकडे पळाल्या. कॉलेजच्या मुलींच्या लॅक्रोस टीमची नवी कोच ग्रेटा मात्र बॉल झेलायच्या-फेकायच्या जाळीच्या काठ्या गोळा करत राहिली आणि चिंब भिजून सामानाच्या खोलीत शिरली. आत मॅचचा पंच उभा होता, एव्हरेट.

"मघाशी तू मला आंधळा म्हणालीस," तो म्हणाला.

"मी... हळू म्हणाले होते."

"मी आंधळा आहे. बहिरा नाही."

ग्रेटाला हसू फुटलं. बाहेर पुन्हा लखकन वीज चमकली.

"अजून अर्धा तास!" तो इतक्या आनंदाने म्हणाला, की ती चक्क लाजली.

मेरीलँडच्या त्या भागात पंच मोजकेच, त्यामुळे दर वसंतात गाठ पडायचीच. नाणेफेकीच्या वेळी एक नजर, बाजूच्या रेषेवरून एक टोमणा — "आज चष्मा आणलास वाटतं!" — आणि मॅचनंतर त्याच्या गाडीला टेकून प्यायलेली कॉफी. ग्रेटा प्रेमात पडली होती. ते तिला सोडून सगळ्यांना दिसत होतं.

शेवटी एव्हरेटच बोलला. "पंचाचं माणूस ज्या टीममध्ये, त्या टीमच्या मॅचला पंचाने उभं राहायचं नाही. मी आजच कळवतो, ग्रेटाच्या मॅच मला नकोत म्हणून. तू फक्त हो म्हण."

तिच्या ओठांवर आलेलं 'हो' तिथेच अडलं. नोकरी अजून पक्की नव्हती. कोच पंचाबरोबर फिरते असं कळलं, तर जिंकलेल्या मॅचकडेही लोकांनी बोट दाखवलं असतं.

"सीझन संपू दे ना... मग बोलू."

"तू म्हणशील तसं," तो म्हणाला आणि उगाच शिट्टीची दोरी गुंडाळत बसला.

सीझन संपला. मग नव्या मुली हेरायला शाळाशाळांच्या मॅच, मग शरदातला सराव, मग पुढचा सीझन. नोकरी पक्की झाली, नाव झालं, आणि 'आता बोलू, मग बोलू' करत तिने आणखी एक वसंत घालवला. वेडी कुठली! माणूस काय राखीव खेळाडू असतो, हवं तेव्हा बाकावरून उठवायला?

या एप्रिलमध्ये सगळ्यांत मोठ्या मॅचला तीन पंच मैदानात आले. त्यांत एव्हरेट नव्हता.

"तो कुठेय?" ग्रेटाने मुख्य पंच रूथना विचारलं.

रूथ गालातल्या गालात हसल्या. "नाव काढून घेतलं त्याने. त्याचं माणूस आहे म्हणे इथे."

ग्रेटाला हसू आवरेना. म्हणजे... तिला न विचारताच कळवून टाकलं त्याने! आता मात्र हो म्हणायचं, आजच म्हणायचं.

"कोच, आपण हरतोय," मध्यंतरात गोलकीपर केल्सी ओरडली. "आणि तुम्ही हसताय काय?"

"तू बॉल अडव गं, माझ्याकडे काय बघतेस!"

मॅच जिंकली. मुली एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. कुंपणाचं फाटक उघडून एव्हरेट आत येताना दिसला आणि ग्रेटा त्याच्याकडे निघाली, जवळजवळ धावतच. तेवढ्यात समोरच्या टीमची सहायक कोच नोरीन तिला ओलांडून पुढे गेली. हरल्यामुळे ती रडत होती. एव्हरेटने तिला जवळ घेतलं, तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवली.

ग्रेटा जागीच थांबली.

"तुला आधी सांगायला हवं होतं..." एव्हरेट अवघडून म्हणाला. "आम्ही जूनमध्ये लग्न करतोय."

"अभिनंदन," ती म्हणाली.

"फक्त नोरीनच्या टीमच्या मॅच सोडल्यात. शनिवारी तुमच्याकडे मीच आहे." तो मनापासून हसला. "तुझ्या मॅचना आता मला काहीच अडचण नाही. चालेल ना?"

"हो," ग्रेटा म्हणाली.