सिस्टरला विष कोण घालतं?

"तेते, माझ्या सिस्टरला कुणीतरी विष घालतंय."

पायरीवर टेकण्याआधीच अंबुया सराफिनाने, म्हणजे गावाच्या सराफिना आजीने, हे सांगून टाकलं. लाझारस मास्तरांच्या कपातला चहा हिंदकळला. मिशनमधली कुठली सिस्टर, असं तेते विचारणार, तोच म्हातारीने पोटाशी धरलेल्या टोपलीवरचं फडकं काढलं. आतून एका ठिपकेदार कोंबडीने मान वर केली. मान तेवढी पांढरीशुभ्र, मिशनमधल्या बायकांच्या डोक्यावरल्या कापडासारखी. नाव त्यावरूनच पडलं होतं.

तेते एनिया तीस वर्षं पोलिसात काढून मुरेव्हाला परतली होती आणि आता खाजगी तपास करायची. हरवलेल्या शेळ्या, हरवलेले नवरे, काहीही. सारा गाव तिला तेते, म्हणजे आत्याच म्हणे, आणि आत्याला वचकून असावं तसा वचकूनही असे. लाझारस मास्तर निवृत्त शिक्षक आणि तिचे मदतनीस. वही मास्तरांची आणि डोकं तेतेचं, हे मास्तर सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

अंबुयाची हकिगत थोडक्यात अशी. सिस्टर आठवड्याला पाच अंडी द्यायची, ती महिनाभरात एकावर आली. तुरा फिका पडला, दिवसभर डोळे मिटून कोपऱ्यात बसते. शनिवारी अंबुयाचा धाकटा जावई हरारेहून पहिल्यांदाच जेवायला येणार. जावयापुढे कोंबडी ठेवायलाच हवी. मुलगा तोबियास म्हणतो, अंडी देणारी कापायची आणि न देणारी पोसायची, हे कुठलं शहाणपण? आज बुधवार होता.

"तो खोटं बोलत नाही हो," मास्तर म्हणाले.

"मास्तर, माझा नवरा गेला ना, त्याच महिन्यात त्याने खुडूक कोंबडी बसवली होती. नऊ पिल्लं निघाली. आठ घारीने नेली." अंबुयाने कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवला. "त्याच्या हातचं एवढंच उरलंय माझ्याकडे."

मास्तरांनी वहीत डोकं खुपसलं.

"विष कशावरून?" तेतेने विचारलं.

गेल्या आठवड्यात घरचे सगळे एका मयताला गेले होते. सिस्टर तीन दिवस मास्तरांकडे होती आणि तिथे तिने दोन अंडी घातली. घरी आणली, की पुन्हा मान टाकली.

"माझ्या अंगणाची हवाच तशी आहे," मास्तर फुशारकीने म्हणाले.

"खायला काय घालता मास्तर?"

"मका, ज्वारी. जे अंबुया घालते तेच."

तुम्ही पुढे व्हा, आम्ही आलोच, असं तेतेने म्हातारीला सांगितलं.

ऑक्टोबरचं ऊन होतं. पाऊस अजून महिनाभर लांब आणि जमीन भाकरीसारखी भाजून निघालेली. दोघं अंबुयाच्या कुंपणाशी पोचली, तेव्हा ती रस्त्यावरल्या कुणा बाईशी बोलत होती. बाईने तिला भोपळ्याची पानं दिली. अंबुयाने पानं खाली ठेवून गुडघे वाकवले, तळव्यावर तळवा हलकेच वाजवत मनापासून आभार मानले. चिमूटभर मिठासाठीसुद्धा ती असेच आभार मानायची. मग त्या बाईने कागदाची एक पुडी काढून दिली. ती मात्र अंबुयाने मुकाट्याने चोळीत खोचली आणि पाठ फिरवली.

"काहीतरी बिनसलेलं दिसतंय दोघींचं," मास्तर कुजबुजले आणि त्यांनी तसं टिपूनही घेतलं.

अंगण स्वच्छ झाडलेलं होतं. धान्याच्या कणगीशेजारी कोरफडीचं मोठं झाड होतं आणि त्याची चार-पाच पानं ताजीच कापलेली दिसत होती. आंब्याखाली सिस्टरची पाण्याची ताटली, भर दुपारीही काठोकाठ भरलेली.

"पाण्याची आबाळ नाही हो," अंबुया म्हणाली. "सकाळी एकदा भरते, संध्याकाळपर्यंत तश्शीच असते."

पहिली चौकशी सुनेची, माय रुवाची, म्हणजे रुवाच्या आईची. सून फटकळ होती. ही कोंबडी माझ्या पिठाच्या टोपलीत अंडी घालते, चुलीपाशी हगते, एकदा हिला भांड्यात घालून झाकणच लावणार आहे, असं ती गावभर सांगत असे. तेतेपुढेही तिने तेच सांगितलं. बोलता बोलता हातानेच सोललेले भुईमुगाचे दाणे तिने मास्तरांच्या ओंजळीत घातले. मास्तरांनी तोंडात टाकले आणि तोंड वाकडं केलं.

"कडू आहेत."

"गेल्या सालचे असतील," माय रुवा म्हणाली आणि हात पाठीमागे नेले.

मास्तरांनी हात धुवायला पाणी मागितलं. तिने तांब्याने ओतलं. पाणी मातीत पडतं न पडतं तोच कोपऱ्यात डोळे मिटून बसलेली सिस्टर धावत आली आणि मास्तरांच्या पायाशी साचलेल्या चिखलात चोच बुडवू लागली.

"पाहुणचार विसरली नाही माझा," मास्तर गहिवरले. तेते त्या चिखलाकडे बराच वेळ बघत राहिली.

दुसरा संशयित शेजारचा पेनियास. सिस्टरने त्याच्या भाजीचा वाफा दोनदा उकरला होता आणि हिची मान मुरगळीन, असं तो चारचौघांत म्हणाला होता. तो जेवत होता. ताटात मक्याच्या पिठाच्या साद्झाचा गोळा आणि नुसती उकडलेली पालेभाजी.

"इतकं फिकं?" तेतेने विचारलं.

"पोटात जखम आहे. डॉक्टरने तिखट बंद केलंय दोन वर्षं."

निघताना तेते त्याच्या वाफ्यापाशी थांबली. मिरचीच्या तिन्ही झाडांवर फक्त देठ उरले होते.

परतताना मास्तरांनी निकाल लावून टाकला. "पेनियासच. धमकी त्याने दिलीय."

"आणि पुडी?"

"कुठली पुडी?"

"तुमच्याच वहीत लिहिलेली," तेते म्हणाली.

उन्हं कलल्यावर तिने सगळ्यांना अंबुयाच्या गोल स्वयंपाकघरात बोलावलं. पुरुष भिंतीलगतच्या कट्ट्यावर, बायका चटईवर बसल्या. तोबियास नुकताच शेतावरून आला होता. तेतेने सिस्टरची ताटली आणून मधोमध ठेवली, तीत एक चमचा बुडवला आणि सुनेपुढे धरला.

"पी."

माय रुवाने ओठ लावला आणि थुंकली. चमचा पेनियासकडे गेला. त्याने नुसती जीभ टेकवली, तरी डोळ्यांत पाणी आलं. मग अंबुया. तिचा चेहरा लिंबू चावल्यासारखा आंबट झाला. तोबियास घोट घेऊन खोकत उठला आणि दारातच उभा राहिला.

"हे पाणी आहे की शिक्षा?"

"ऑक्टोबरच्या उन्हात कोंबडीची ताटली दिवसभर भरलेली," तेते म्हणाली. "आणि कोंबडी मास्तरांच्या हातधुणीचा चिखल पिते. तिला विष कुणी घातलेलं नाही. ती तहानलेली आहे. अंड्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, मग प्यायलाच मिळत नसेल तर बिचारी घालील कशाचं? मास्तरांकडे गुण हवेचा नव्हता, साध्या पाण्याचा होता."

"पण पाणी बिघडवलं कोणी?" मास्तरांनी पेनियासकडे बघत विचारलं.

"पोटाच्या जखमेचा माणूस, पण मिरच्या झाडावरून गायब. सुनेच्या हातचे दाणे कडू, कारण हाताला कोरफडीचा चीक. गावात कोंबडी आजारी पडली, की पाण्यात हेच दोन उपाय घालतात. का गं माय रुवा?"

सून खाली मान घालून बसली. "मरायला टेकलेली दिसत होती. सासूबाई रात्रंदिवस रडतात. पण इतकं वाईटसाईट बोलल्यावर कुठल्या तोंडाने सांगू, की मी औषध घालतेय?"

पेनियासने घसा खाकरला. "माझंही तेच. म्हाताऱ्याने मला लोहारकाम शिकवलं. त्याची कोंबडी आहे ती. वाफा काय, पुन्हा लावता येतो."

"दोनच झाले," मास्तर बोटं मोजत म्हणाले. "यात मातकट अशी तिसरी चवही आहे."

"मिठाच्या चिमटीसाठीही आभार मानणारी बाई पुडी घेऊन गप्प का राहिली? आपल्यात कुठल्या गोष्टीचे आभार मानत नाहीत, मास्तर?"

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "औषधाचे. आभार मानले, की गुण जातो."

सगळ्यांच्या नजरा अंबुयाकडे वळल्या. म्हातारी कमरेच्या कापडाशी चाळा करत होती. पुडीत वैदूबाईची मुळी होती, आणि ती घेतल्याचं कळलं तर चर्चच्या बायका नावं ठेवतील, म्हणून तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आधी बोटभर घालायची. गुण येईना म्हणून मग मूठभर.

"म्हणजे मीच तिला मारत होते," ती म्हणाली आणि तिला रडू आलं.

"तिघं मिळून," तेतेने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "पहिल्या दिवशी ती नुसती उन्हाने कासावीस झाली असेल. पुढचा सगळा आजार तुमच्या मायेचा. इतका जीव तीन माणसांनी लावला, की कोंबडीच काय, बैलही आडवा होईल."

माय रुवाने तिथल्या तिथे सांगून टाकलं, की शनिवारी तिचा लाल कोंबडा कापायचा. तोबियास काहीतरी म्हणणार होता, पण बायकोकडे बघून त्याने विचार बदलला.

त्या संध्याकाळी ताटली घासून रेतीने रगडली गेली आणि तीत विहिरीचं साधं पाणी भरलं. सिस्टर प्यायली, मान वर करून गिळलं, पुन्हा प्यायली. अंबुयाच्या घरची तिघं आणि पेनियास एखाद्या बाळाचं पहिलं पाऊल बघावं तसे बघत राहिले.

शनिवारी सकाळी मास्तर आणि तेते चहा घेत होते, तेव्हा अंबुया परत त्याच पायरीवर आली. तिने तेतेच्या हातात एक अंडं ठेवलं. अंडं अजून कोमट होतं.

"पिठाच्या टोपलीत घातलं," ती म्हणाली. "सुनेनेच आणून दिलं."

मग गुडघे वाकवून तिने दोन्ही तळवे जुळवले आणि ती मध्येच थांबली.

"तेते, पाणी काही औषध नव्हे ना? आभार मानू का?"

तेतेने ते कोमट अंडं दोन्ही हातांत धरलं.

"नको," ती म्हणाली. "यावेळी होतं."

अंबुयाने जुळवलेले हात तसेच छातीशी धरले आणि एक शब्द न बोलता ती घराकडे वळली.